कापसाच्या धाग्यावर तारा

मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे फोटोंच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं, एवढंच. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून जे तोंडाने सांगता आलं नाही ते इथे कागदाला सांगते आहे. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी कधी कोणाच्या हाती पडलंच तर त्याला कळावं, म्हणून कामाची माहिती जरा उलगडून लिहिते.

दिग्रसच्या एका फोटो स्टुडिओत मी डार्करूमचं काम केलं. मालक गोपालभाऊ पुढच्या खोलीत फोटो काढायचे आणि मी मागच्या खोलीत ते धुवायची. सासर सोडून आईकडे परत आलेल्या बाईला इतकं चांगलं काम दुसरं कोणतं मिळालं असतं? आत एक लाल दिवा, तीन ट्रे, औषधांचा आंबूस वास आणि आतून लागणारी कडी. कागद उघडा असताना कोणी दार उघडायचं नाही, हा नियम. सगळ्या गावात तेवढ्या एका खोलीत माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

काम असं. फिल्मवर सगळं उलटं येतं. गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे. ती फिल्म एका उभ्या यंत्रात ठेवायची. वर दिवा, मध्ये फिल्म, तिच्याखाली भिंग आणि खाली कागद. यंत्राचं डोकं जेवढं वर न्यावं तेवढं चित्र मोठं होतं. कागदावर उजेड पाडायचा आणि कागद औषधात सोडायचा. कोऱ्या कागदावर माणूस वर येताना मी हजारदा पाहिला असेल. पण प्रत्येक वेळी आधी डोळे येतात की आधी केस, हे बघायला मी श्वास धरून वाकायचीच.

दिग्रसमध्ये धुळीपेक्षा कापूस जास्त त्रास द्यायचा. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणं, सुरू झालं की हवेत सगळीकडे बारीक रुई. तिचा एक तंतू निगेटिव्हवर बसला की नवरीच्या गालावर पांढरी रेघ. मग ओल्या ब्रशच्या टोकाने, शाईचा ठिपका लावत लावत, ती रेघ बुजवायची. यात माझा हात बसला होता. दारव्ह्याचे एक गृहस्थ मुलीकडच्यांना पाठवायला फोटो काढून गेले आणि दुसऱ्या दिवशी धावत परत आले. "मिशी भरून द्या जी, खरी मिशी लग्नापर्यंत येतेच!" म्हणाले. मी भरून दिली. लग्न झालं. मिशी आली की नाही ते मला कळलं नाही.

पण माझं मुख्य काम होतं लहानाचं मोठं करणं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत ते फार वाढलं. घरातलं माणूस गेलेलं असायचं आणि त्याचा वेगळा फोटो कधी काढलेलाच नसायचा. मग लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि मागच्या रांगेतल्या तिळाएवढ्या तोंडावर बोट ठेवायचे. "याले मोठं करा." मी यंत्राचं डोकं छतापर्यंत न्यायची. खाली तोंड पसरायचं, पण उघडायचं नाही. डोळ्यांच्या जागी दोन डाग. जे फिल्मवर उतरलं नाही ते वाढवून येत नाही, हे मी त्या खोलीत शिकले. एका बाईला तसाच धुरकट फोटो देताना माझ्याने मान वर करवेना. तिने तो उजेडाला धरला आणि म्हणाली, "असेच होते थे. असेच दिसत, दुरून येताना." ती पदराखाली फोटो घेऊन गेली आणि मी आत जाऊन कडी लावली.

असं ते काम चालू असताना बाबारावकाका आमच्याकडे आले.

बाबारावकाका एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांनी एक कोरी दिसणारी फिल्म काउंटरवर ठेवली आणि गोपालभाऊंना म्हणाले, "यवतमायच्या कलर लॅबमधून आली. त्याईनं मधातूनच कापली. म्हणे, काहीच नाही आलं याच्यात."

गोपालभाऊंनी ती उजेडाला धरली. "मंग बरोबरच म्हणते थो लॅबवाला. काय काढलं होतं तुमी? झाकण काढलं होतं ना कॅमेऱ्याचं?"

"आभाय काढलं."

गोपालभाऊ हसले आणि फिल्म मागे माझ्याकडे आली. मी ती भिंगाखाली धरली. काळे ठिपके होते. पण एकही गोल नव्हता. प्रत्येक ठिपका एका बाजूला ओढलेला. मी पडद्याआडूनच, अगदी हळू म्हणाले, "काकाजी, हे जिरे आहेत. मोहरी पाहिजे."

काका पडदा बाजूला सारून आतच आले. "कोन बोललं हे? बरोब्बर! जिरेच हायत! तीन वर्षांपासून जिरेच पेरून राह्यलो मी!"

त्यांची दुर्बीण त्यांनी स्वतः केली होती. जाड काचेचे दोन तुकडे एकावर एक घासून, मधे बारीक रेतीसारखी पूड घालून, त्यांनी आरसा केला होता. नळी एका पाइपची आणि बैठक बसच्या बेअरिंगवर फिरणारी. घराच्या स्लॅबवर ठेवली तर दिवसभर तापलेल्या सिमेंटवरून गरम हवा उठायची आणि तारे भाजीसारखे खदखदायचे. म्हणून त्यांनी ती अंगणात, मातीत सिमेंटचा खांब पुरून त्यावर बसवली होती.

त्यांच्या पत्नी शांताकाकू. जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायच्या. लहानपणी देवी आल्या तेव्हा एका डोळ्यात फूल पडलेलं आणि दुसऱ्यानेही अंधुकच दिसायचं. काकांनी दुर्बीण दाखवायला बोलावलं म्हणून एका संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा अंगणात बाजेवर बसून त्या तूर निवडत होत्या, डोळ्यांपेक्षा बोटांनीच. मला म्हणाल्या, "ये व माय. तुले बी लावलं काय याईनं? जिंदगीभर बसी दुरुस्त केल्या, आता आभाय दुरुस्त करून राह्यले."

काकांनी दुर्बीण फिरवली. पश्चिमेला कललेला अभिजित तारा मला दाखवला, मग त्याच्या बाजूचे दोन बारीक तारे, आणि मग त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेवर दुर्बीण नेऊन म्हणाले, "पाहा. सरळ पाहू नका. बाजूले पाहा, म्हणजे दिसते."

मी डोळा लावला. आधी काहीच नाही. मग नजर जरा बाजूला नेली आणि ते आलं. धुराचं एक कडं. कोणी तरी विडी ओढून सोडावं आणि ते विरायचं सोडून तिथेच थांबावं, असं. मी सरळ बघितलं की जायचं, नजर वळवली की परत यायचं. माझ्या पायांखाली जमीन आहे की नाही ते मला समजेना. माझ्यासारखंच आहे हे, असं वाटलं. कोणी रोखून पाहिलं की आत जातं.

"काय आहे हे, काकाजी?"

"तारा होता. म्हातारा झाला. आंगावरचं पांघरून फेकलं त्यानं, थे पसरून राह्यलं चहूकडं. आज तुमी जो उजेड पाहून राह्यले ना, थो दोन हजार वर्षांहून जास्त झाले तठून निघून."

बाजेवरून काकू म्हणाल्या, "मले तर नाही दिसलं बाप्पा कधी. दहादा डोया लावला. नुसता अंधार. यवढी वर्षं हा मानूस अंगनात बसते, अन् कायच्यासाठी बसते थे मले नाही मालूम. दुसरी असती तर म्हटलं असतं, यायले बाहेरचं लागलं."

हसत म्हणाल्या, पण काका हसले नाहीत. दुर्बिणीवर हात ठेवून म्हणाले, "म्हणून तर फोटो काढून राह्यलो. डोये फक्त उजेड पाहतात, फिल्म उजेड साठवते. साठला का मोठा करू. मोठा झाला का दिसल तुले."

तेव्हा मला कळलं की त्यांना फोटो कशासाठी हवा होता. विज्ञान मंडळासाठी नाही, पेपरात छापायला नाही. शांताकाकूंना ते कडं दिसावं, मधल्या भोकासकट दिसावं, एवढ्यासाठी.

आता यात अडचण काय ते सांगते. ते कडं फिल्मवर तिळाच्या टोकाएवढं उतरतं. ते मोठं करायचं म्हणजे जरा जरी चूक असेल तर तीही तेवढीच मोठी होते. आजूबाजूचे तारे जिऱ्यासारखे आले तर कड्याचं भोकही बुजतं आणि साबुदाण्याच्या वड्यासारखा एक गोळा दिसतो. ग्रुप फोटोतल्या तोंडांचं जे व्हायचं तेच. आणि एवढा अंधुक उजेड साठवायला पाऊण तास तरी कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावी लागते. त्या पाऊण तासात सगळं आभाळ सरकत असतं. काकांनी बैठकीला एक लांब स्क्रू लावला होता. तो हाताने सारखा फिरवत राहिलं की दुर्बीण आभाळाबरोबर सरकते. बरोबर सरकते की नाही हे बघायला मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण बांधलेली. तिच्या भिंगात दोन धागे आडवे-उभे ताणलेले. एक तारा त्या धाग्यांच्या फुलीवर धरायचा आणि पाऊण तास तिथून हलू द्यायचा नाही. हललाच तर जिरं.

काकांचे हात पान्हे पिळून पिळून थरथरायला लागले होते. ते म्हणाले, "मंदाबाई, तुमचा हात मी पाह्यला. त्या मिशीवाल्याले मीच तुमच्या स्टुडिओत धाडलं होतं, कोन काम करते थे मालूम नव्हतं. तुमी धरा तारा."

मी नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. काकूच म्हणाल्या, "धर व. मी बसतो बाजीवर. कोनी काही म्हननार नाही."

पोळ्यानंतर पाऊस उघडला आणि आम्ही सुरू केलं. तेव्हा लोडशेडिंग फार. दिवे लागायच्या वेळेलाच वीज जायची. सगळं गाव शिव्या घालायचं आणि काका खूश. "चला, सरकारनं आपली बत्ती बंद केली!" म्हणत ते कॅमेरा लावायचे. कॅमेऱ्याच्या मागे, फिल्मच्या जागेवर, दाढीचं ब्लेड धरून ते तारा नेमका कुठे टोकदार होतो ते बघायचे. ब्लेडने तारा कापत नेला की तो एकदम विझायला हवा. हळूहळू विझला तर अजून जागा चुकलेली. हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी थक्क झाले. इतक्या लांबून आलेला उजेड आणि तो ब्लेडच्या धारेएवढ्या जागेत मावतो.

मग मी स्टुलावर बसायची, लहान दुर्बिणीला डोळा लावायची आणि तारा फुलीवर धरायची. पहिल्या दिवशी मान अवघडली, डोळ्यातून पाणी आलं, पण मी तारा सोडला नाही. तो पाऊण तास मला आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा वाटला. बोटांच्या टोकांना पृथ्वी फिरताना कळते, असं कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. स्क्रू क्षणभर थांबवला की तारा निघून जायला लागायचा. म्हणजे तारा नाही, आपणच. मी, काकू, बाज, तुरीचं सूप, दिग्रस, सगळे मिळून.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली. तारे आधीपेक्षा चांगले, पण प्रत्येकाला एक बारीक शेपूट. कड्याचं भोक अर्धं भरलेलं. पुन्हा केलं. पुन्हा शेपूट. काकांनी स्क्रू बदलला, बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं. शेपूट तसंच. मी घरी गेल्यावर दिव्यापुढे हात धरून बघायची. थरथरत तर नव्हता. मग मी तारा धरते आहे असं मला नुसतं वाटत होतं का?

त्यातच गोपालभाऊंनी सांगितलं, "मंदा, दिवाळीपासून डार्करूम बंद. लक्ष्मीपूजनाले तठी कॉम्प्युटर बसते. आता सगळे कलर मांगतात, कोनी धुवून मांगत नाही. तुले पुढं बसावं लागन, काउंटरवर."

काम संपल्यावर मी काकांना जाऊन सांगितलं. ते खांबाला टेकले. कोजागिरीच्या आसपास चांदणं, तेव्हा काही जमणार नाही. त्यानंतर अंधारी संध्याकाळ मिळायची ती थेट दिवाळीच्या तोंडावर. तोवर अभिजित कलत जाऊन शेजारच्या कडुलिंबात शिरायला आलेला असणार. आणि पुढच्या वर्षी धुणार कोण? लॅबवाले पुन्हा मधून कापणार.

चांदणं सरलं आणि आम्ही पुन्हा बसलो. थंडी पडायला लागली होती. दव उतरत होतं. मी भिंग पुसायला मान वर केली आणि काकांना म्हणाले, "काकाजी, फुली वाकडी दिसते. आडवा धागा मधून खाली आला."

"कसा येईन? चांगला ताणून चिकटवला म्या. आपल्या मेव्हण्याच्या वावरातला कापूस, सगळ्यात लांब तंतू निवडून घेतला. विलायतेत लोक कोयिष्टकाचं जायं लावतात म्हणे. म्या म्हटलं, यवतमाय जिल्ह्यात राहून कोयिष्टकाच्या दारी कायले जा?"

बाजेवर काकूंचं सूप थांबलं.

"काय लावलं म्हनता?"

"कापसाचा तंतू. भिंगात. फुलीले."

"कापसाचा? अन् वरून दव पडून राह्यलं? अन् ही पोरगी तोंड लावून त्याच्यावर वाफ सोडून राह्यली?" काकू उभ्याच राहिल्या. "अहो, येडे झाले का तुमी? जिनिंगमधी मले इचारा ना! सकायचा कापूस अन् दुपारचा कापूस हातात घेतला तर आंधया मानसाले समजते. ओल धरते कापूस! फुगते, ढिला पडते! व्यापारी त्याच्यावरच तर जगतात! अन् तुमी त्याच्यावर तारा टांगला?"

काका तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मलाही तेव्हाच उलगडलं. मी तारा फुलीवरच धरत होते, अगदी बरोबर. पण फुलीच हळूहळू खाली लोंबत होती आणि तिच्यामागे मी सगळी दुर्बीण नेत होते. म्हणून शेपूट नेहमी जमिनीकडे. दव पडायच्या आधीचा तारा गोल, नंतरचा ओढलेला.

"मले एकदा तरी सांगतलं असतं कायचा धागा लावला थे," काकू खाली बसत म्हणाल्या. "पन मले काहीच नाही दिसत, म्हणून मले काही नाही इचारायचं."

काका बाजेपाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "चुकलंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्या टेलिफोनच्या कानातलं वेटोळं सोडवलं. त्यातली तांब्याची तार केसाहून बारीक, पण भिंगातून दोरखंडासारखी दिसायची. तारा तिच्यामागे गेला की गडपच. हातातून भिंग जरा सरकलं आणि ताऱ्याची टिकली पसरून फिकट भाकरीसारखी झाली. काका भिंग परत जागेवर आणायला लागले. मी म्हणाले, "राहू द्या, काकाजी." तारेच्या फुलीने त्या भाकरीचे चार सारखे तुकडे झाले होते. एक तुकडा जरा मोठा झाला तरी लगेच कळत होतं. कॅमेऱ्यात तारा टोकदार हवा म्हणून माझ्या डोळ्यापुढचा तारा मुद्दाम पसरवायचा. या कामात किती गोष्टी उलट्या होत्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. त्यानंतर फटाके, धूर, रोषणाई. म्हणजे आमच्या हाती हीच एक संध्याकाळ. वीज गेलेली. काकूंनी चुलीवर चकल्यांचं तेल तापवलं होतं, ते उतरवून ठेवलं आणि लाकडं विझवली, धूर आणि गरम हवा नको म्हणून. "चकल्या उद्या खाजा," म्हणाल्या. काकांनी ब्लेडने तारा विझवून बघितला. एकदम विझला. झडप उघडली. मी भाकरीचे चार तुकडे करून बसले.

अर्ध्याहून जास्त वेळ गेला असेल. अभिजित कडुलिंबाच्या शेंड्याला आलेला. आणि वीज आली. वेळेआधी. कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा फडफडला आणि अंगणात पिवळा उजेड पडला. काका ओरडले, "झडप लावू का? मंदाबाई, लावू का?" लावली असती तर उजेड पुरा साठला नसता. नसती लावली तर दिव्याने फिल्म धुऊन काढली असती. माझा डोळा भिंगाला आणि हात स्क्रूवर. मला मानही हलवता येईना.

मग उजेड गेला. अंधार परत आला, फक्त आमच्यापुरता. काकू बाजेवर उभ्या होत्या. अंथरुणातली गोधडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्यांनी दिव्यासमोर भिंत केली होती. "घ्या," म्हणाल्या, "तुमचं चालू द्या."

त्या तशाच उभ्या राहिल्या. हात वर करून, शेवटपर्यंत. गोधडी जड होती, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. काका एकदा म्हणाले, "शांते, दे, मी धरतो." तर म्हणाल्या, "तुमचे हात कापतात. उभे राहा चूप." समोर काय आहे ते त्यांना कधी दिसलं नव्हतं. तरी त्या बाजेवर उभ्या राहून त्याच्यावर सावली धरत होत्या. मी आयुष्यात आभाळ पुष्कळ पाहिलं, पण त्या संध्याकाळी दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंना सारखंच काही तरी मोठं चाललं होतं, असं मला वाटलं.

फिल्म मी धनत्रयोदशीला धुतली. सुकल्यावर भिंगाखाली धरली आणि खाली बसले. मोहरी. सगळी मोहरी. आणि मध्ये ते, तिळाच्या टोकाएवढं.

गोपालभाऊ म्हणाले, "मंदा, उद्या सुतार येते. तुह्यं काय असन थे आज आटप."

मी काका-काकूंना बोलावून घेतलं. खोलीत दोघांपुरतीच जागा. काका म्हणाले, "तुमी जा, मी बाहेर थांबतो." मी काकूंना आत घेतलं आणि कडी लावली.

यंत्राचं डोकं मागे फिरवून टेबलाच्या कडेबाहेर काढलं, म्हणजे उजेड थेट जमिनीवर पडतो आणि चित्र जेवढं करता येईल तेवढं मोठं होतं. जमिनीवर कागद अंथरला. उजेड पाडला. कागद उचलून ट्रेमध्ये सोडला. काकूंनी ट्रेच्या कडेला हात टेकले आणि चांगला डोळा अगदी पाण्याजवळ नेला. लाल उजेडात कागद नुसता कोरा.

"काही नाही व," त्या हळूच म्हणाल्या.

"थांबा, काकू."

माणसाच्या फोटोत माणूस वर येतो, हे मी लिहिलंच आहे. ताऱ्यांच्या फोटोत तसं नसतं. तारे येत नाहीत. अंधार येतो. चारी बाजूंनी कागद काळा पडत जातो आणि जिथे जिथे तारा आहे तिथे तिथे तो अडतो. तेवढीच जागा पांढरी राहते. गोल, बारीक, टोकदार. अंधार सरकत सरकत मध्यावर आला. तिथे तो रुपयाच्या नाण्याएवढ्या कड्याभोवती थांबला. आणि मग त्या कड्याच्या आतही तो उतरला. भोक उघडलं.

काकूंचा श्वास थांबलेला मला कळला.

बाहेरून काका म्हणाले, "झालं काय?"

मी कागद चिमट्याने दुसऱ्या ट्रेमध्ये घातला, मग तिसऱ्या. काकू ट्रेमागून ट्रे वाकून चालत आल्या. बोट कागदाजवळ नेलं, लावलं नाही. कड्याभोवती हवेतच एकदा गोल फिरवलं.

"हे रुई तर नाही ना बसली, मंदा? खरंच हाय ना?"

"खरंच आहे, काकू."

"अन् थे मधात मोकयं हाय."

"हो."

"शांते," बाहेरून पुन्हा, दाराला अगदी तोंड लावून, "काय झालं? काही तरी बोल ना."

तिसऱ्या ट्रेमधल्या फिक्सरने कागद पक्का होईपर्यंत मला कडी काढता येत नव्हती. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मान दाराकडे न वळवता, कागदावरची नजर न काढता, मोठ्याने विचारलं, "अहो, आपल्या पुढच्या खोलीत भितीवर खिया हाय का?"

मग काका म्हणाले,

"नाही. ठोकतो."